सूनबाई पुढच्या रांगेत

सुनेने सासूला विचारून पाणी प्यावं, यात तक्रार करण्यासारखं काय आहे, असं समोरची शिवणकामवाली म्हणाली. मी तिला म्हटलं, आठवडाभर हिला तुझ्या घरी ठेवून घे, मग बोल. दुसरी सासू असती तर गल्लीभर मिरवली असती. पण आमच्या सूनबाई विचारणाऱ्यांतल्या नव्हेत. लग्न होऊन आली तेव्हा तिने मला एकच गोष्ट विचारली होती, कपाटाचा कुठला खण रिकामा आहे. त्यानंतर तिने फक्त सांगितलं. बाहेरच्या खोलीचा रंग सांगितला, माझ्या चष्म्याचा नंबर सांगितला, माझ्या नवऱ्याच्या फोटोची चौकट कलली आहे हे सांगितलं. आमची भांडणं सगळ्या गल्लीला पाठ आहेत. आणि तीच बाई त्या दिवशी जेवता जेवता हात वर करून बसली. मी काय गं म्हणेपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.

"पाणी प्यायला उठू?" तिने विचारलं.

मला वाटलं टोमणा आहे. मीही म्हटलं, ऊठ, राणीसरकार. ती उठली, पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेवर नीट जुळवून ठेवले. पाठ ताठ. तिची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या डोक्याच्या जरा वर, भिंतीवर होती, आणि तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

माझा मुलगा शेजारीच जेवत होता. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगतो, स्वतःचं मात्र घरी उघडत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात बघून जेवू लागला.

सूनबाईंचं काम जुन्या इमारती जपण्याचं. पाडायला काढलेली भिंत दिसली की हिच्या डोळ्यांत पाणी येतं. सासू पायरीवरून घसरली तर म्हणते, बघून चालायचं ना. अलीकडे ती गावाच्या कडेला असलेल्या जुन्या शाळेच्या मागे लागली होती.

शाळा म्हणजे एकच खोली. वीटभट्टीच्या मालकाने कामगारांच्या मुलांसाठी बांधलेली. लांबट, फळ्यांच्या जमिनीची, आणि खिडक्या इतक्या उंच की आत बसलेल्या मुलाला आभाळाखेरीज काही दिसू नये. दार एकच, तेही मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीमागे, म्हणजे त्यांच्या अंगावरून गेल्याशिवाय कोणाला बाहेर पडता येऊ नये. मागची भिंत सलग. सगळ्या इयत्ता त्याच खोलीत आणि सगळ्यांना मास्तर एकच. पुढे मोठी शाळा झाली तेव्हा मुलं तिकडे नेली. मास्तर मात्र रोज येत राहिले. काही मुलं अजून इथेच आहेत, असं ते म्हणायचे, आणि लोक म्हणायचे म्हातारा चळला. ते गेल्यावर खोलीत सिमेंटची पोती ठेवली, नंतर तीही नाहीत.

नगरपालिकेने ती पाडायची ठरवली तेव्हा सूनबाई त्यांच्याशी अशा भांडल्या की, खरं सांगते, माझी छाती भरून आली. तोंडावर नाही बोलले. तोंडावर म्हटलं, एवढी वर्षं ही जीभ माझ्यावर वाया घालवलीस, आत्ता कुठे कामी आली.

मी त्या शाळेत बसलेली आहे. फार नाही, दुसरीतच बाहेर पडले. वाचायला नंतर शिकले, औषधांच्या बाटल्यांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून. त्या खोलीत बसलेलं माणूस गावात मी एकटीच उरलेली, म्हणून सूनबाईंना माझी गरज लागली. तिने मला हाताला धरून आत नेलं आणि म्हणाली, आई, कोण कुठे बसायचं ते दाखवा. मी दाखवलं. सगळ्यात लहान मुलं पुढे, मास्तरांच्या पायाशी. जसजसं शिकाल तसतसं मागच्या रांगेत. सगळ्यात मोठी शेवटी, भिंतीला डोकं टेकून. मास्तर खुर्चीवर बसल्याशिवाय कोणी बसायचं नाही आणि ते ऊठ म्हणाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही. ती हसली आणि म्हणाली, हे बाहेरच्या माहितीच्या फलकावर घालायला हवं.

तिने काम मात्र जीव ओतून केलं, ते मी नाकारणार नाही. भिंतीचे रंगाचे पापुद्रे छोट्या सुरीने एकेक करून खरवडले. मागच्या भिंतीवर खालचा रंग लागला तेव्हा त्यावर एक काळपट पट्टा निघाला, बसलेल्या मुलाच्या डोक्याइतक्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. डोकी टेकून टेकून पडलेला. रंगारी म्हणाला पुसतो, ती म्हणाली हात लावू नकोस. मी बोट लावून पाहिलं. इतक्या वर्षांनी तो डाग ओशट होता. जमिनीच्या फळ्यांवर पाय घासून पडलेले खळगे होते, दोन दोन, जोडीने. त्यांच्यावरून तिने बाकांच्या जागा ठरवल्या आणि सुताराकडून जुन्या मापाची नवी बाकं करून घेतली. सुतार चांगला आहे. फळीची धार बघून बघून मान एका बाजूला गेली आहे, म्हणून त्याला सगळे तिरका म्हणतात.

जुन्या वस्तूंच्या जगात एक रीत आहे, ती मला तिनेच सांगितली. नवी केलेली वस्तू वापरून बघायची, अस्सल जुनीला अंग लावायचं नाही. बाकं नवी, म्हणून प्रत्येक रांग बसली की ती स्वतः तिच्यावर बसून बघायची, उंची बरोबर आहे का, पाय खळग्यांत पडतात का. तिरका मागून पुढे येत होता, म्हणून तीही मागून पुढे येत होती. खुर्ची तेवढी अस्सल, मास्तरांची. ती तिने कोणाच्या तरी माळ्यावरून शोधून आणली, पुसली, जागेवर ठेवली आणि तिच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत जाड लाल दोरी बांधली. बसू नये म्हणून. खोलीत बाकांवर बसणं सुरू झालं आणि खुर्ची रिकामी राहिली.

पाण्याची गोष्ट घडली तेव्हा मागच्या दोन रांगा झाल्या होत्या.

त्यानंतर तिला तिच्या कामातले लांबलचक शब्द आठवेनात. फोनवर ती कोणाला तरी 'ते, भिंतीला लावतात ते' असं म्हणाली. मला आधी बरंच वाटलं, चला, माणसांसारखी बोलायला लागली. मग तिला येणारी परकी भाषा गेली. त्या भाषेतली पत्रं समोर घेऊन ती बसली आणि चित्रं बघावीत तशी बघत राहिली. मग भागाकार गेला. तिरक्याला फळीचे तीन सारखे भाग करायला सांगायचे होते, तर ही बोटं मोजू लागली. तिरक्याने मान सरळ करून माझ्याकडे पाहिलं. त्याची मान सरळ होते हे मला त्या दिवशी कळलं.

मुलाने तिला मोठ्या इस्पितळात नेलं. यंत्रात घातली, रक्त काढलं, हातोडीने गुडघे ठोकले. डॉक्टर म्हणाले, मेंदू उत्तम आहे, कामाचा ताण दिसतो. उत्तम आहे म्हणे. जसा काही दुकानात निवडून घेतला होता.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात वर्तमानपत्र घेऊन बसली होती. बोट ठेवून ठेवून, ओठ हलवत वाचत होती, मी वाचायला शिकत होते तेव्हा वाचायची तशी. एका शब्दाशी अडली. पुन्हा मागून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. मी भांडी पुसत होते. तिने माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत भांडताना सोडून आम्ही इतक्या जवळ आलो नव्हतो.

"आई," ती म्हणाली, "हे मला काल येत होतं."

तिला कळत होतं. हे मी कधी विसरणार नाही. ती वेडी होत नव्हती. आपल्या घरातून कोणीतरी एकेक वस्तू उचलून नेतंय आणि आपण खुर्चीला खिळलेले बघतोय, असं ते होतं. मी शिकले नाही, म्हणून शिकलेल्या सुनेला मी काय काय ऐकवलं आहे. त्या दुपारी मला तिचं ते मिजाशीचं शिक्षण एवढं हवंहवंसं वाटलं की मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, भांड माझ्याशी. माझं काय चुकलं ते सांग. ती विचार करत राहिली. मग म्हणाली, तुमचं काही चुकत नाही. मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

मुलाने शाळेला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. पुढच्या रांगांची बाकं तिरक्याने बसवून ठेवली होती, त्यांच्यावर ती अजून बसली नव्हती. मला वाटलं, सुटलो. ती घरीच होती, माझ्या डोळ्यांसमोर, आणि तरी बेरजेतले हातचे गेले, मग जोडाक्षरं गेली.

मी किल्ली घेऊन भर उन्हाची शाळेत गेले, तिरक्याला बरोबर घेतलं. कुलूप जागच्या जागी होतं. आत पुढच्या बाकांवर लाकडाचा भुसा तसाच होता, कोणी झटकला नव्हता. फक्त एका रांगेत, डावीकडून दुसऱ्या जागी, तो पुसला गेला होता. एका मुलाच्या बुडाएवढा. आणि खाली त्या जागेच्या दोन खळग्यांतलाही. तिरका म्हणाला, मांजर शिरलं असेल. मी म्हटलं, मांजर पाय खाली सोडून बसतं का रे? तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मग मी जे केलं ते कोणीही केलं असतं. बाकांवर बसून गेलं ते बाकं उचलली की परत येईल, असं मला वाटलं. तिरक्याला म्हटलं, मागची बाकं उचल. तो नको म्हणत होता, वहिनींचं काम आहे म्हणत होता. वहिनीच राहिल्या नाहीत तर काम कोणाचं, असं म्हणून मी त्याच्याकडून शेवटची रांग उचलून अंगणात ठेववली. घरी आले. मुलगा दवाखान्यातून नुकताच आला होता, बूट काढत होता. सूनबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली, माझ्या पाठीआडून त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या कानाशी विचारलं.

"हे काका कोण?"

मुलगा न्हाणीघरात गेला आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत होता. मी तिरक्याला फोन करून सांगितलं, ती रांग आत्ताच्या आत्ता परत लाव, खळग्यांवर बरोबर. त्याने लावली. गेलं ते काही परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बघून आले. आता पुसलेली जागा पहिल्या रांगेत होती, अगदी खुर्चीसमोर. मी तिथे उभी राहिले आणि विचार केला, इथून पुढे काय? पहिलीच्या पुढे बाक नाही. पहिलीच्या आधी मूल शाळेतच नसतं. घरी असतं, बोबडं बोलतं. त्याच्या आधी बोलतच नाही. आणि त्याच्या आधी?

मी घरी गेले आणि मुलाला म्हटलं, गाडी काढ.

त्याला मी गाडीतच बसवून ठेवलं. तो म्हणाला, आई, मीही येतो, माझी बायको आहे. मी म्हटलं, बाबा, आत तुला ती ओळखत नाही, आणि तिला भ्यायला आज तेवढं एक आणखी नको. त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

दुपारची वेळ होती. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं जमिनीवर पडलं होतं. दारातच सूनबाईने माझा हात सोडला, खुर्चीला वळसा घालून पुढे गेली आणि पहिल्या रांगेत, पुसलेल्या जागी बसली. समोर तिनेच मांडलेली पाटी होती, ती मांडीवर घेतली. ते बाक सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं. तिचे गुडघे छातीशी यायला हवे होते. ती लहान झाली, असं मी म्हणत नाही. गुडघे जिथे असायला हवे होते तिथे नव्हते, एवढंच सांगते.

मी म्हटलं, चल घरी. तिने वर पाहिलं नाही. मी तिचा हात धरून ओढला. जिन्याचा कठडा ओढावा तसा तो होता. मी तिला हाका मारल्या, शिव्या दिल्या, शेवटी पाया पडते म्हटलं. मी आयुष्यात कोणाला असं म्हटलेलं नाही.

ती पाटीवर काहीतरी काढत होती.

मी खुर्चीची दोरी सोडायला घेतली. गाठ तिने घातलेली, पक्की. दातांनी सोडली. आणि बसले.

खुर्ची गरम होती.

तिथून खोली बघितली. बाकं तेवढीच, रांगा तेवढ्याच, मी स्वतः दाखवलेल्या. पण खुर्चीवरून शेवटची रांग दिसत नव्हती. जिथे ती असायला हवी तिथे आणखी एक रांग होती, तिच्यामागे आणखी एक.

मी म्हणाले, शाळा सुटली.

एक बाक करकरलं. मग दुसरं. मग सगळीच, मागपर्यंत. नव्या लाकडाचा आवाज मला ओळखता येतो, तो नव्हता. सूनबाईही उठून उभी राहिली. माझ्या जिवात जीव आला. मग ती वळली.

दार माझ्या पाठीमागे होतं. ती दाराकडे वळली नाही. मागच्या भिंतीकडे वळली, त्या काळ्या पट्ट्याकडे, आणि एक पाऊल टाकलं. तिच्याबरोबर फळ्यांवर बरीच पावलं पडली.

"बसा," मी म्हणाले.

सगळं पुन्हा करकरलं. ती बसली.

त्या खोलीतून दाराने बाहेर जायची एकच वाट होती. मला माहीत होती, कारण मी तिनेच गेले होते. दुसरीत असताना एका भर दुपारी मास्तरांनी मला पुढे बोलावलं, माझी पाटी पाहिली आणि चार शब्द ऐकवले. बाकी मुलं बसलेली असताना मी एकटी त्यांच्या अंगावरून दाराबाहेर पडले. ते शब्द मी आईला सांगितले नाहीत, नवऱ्याला सांगितले नाहीत. त्यांच्यावर जन्मभर दात खाल्ले. पाटीवरचं माझं गणित बरोबर होतं, हे मला पुढे कळलं तेव्हा तर जास्तच.

खुर्चीवर बसल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की तो म्हातारा रोज काय बघत बसायचा.

"बाई," सूनबाई म्हणाली, "झालं." आणि पाटी वर धरली.

पहिलं अक्षर. गोलाई पुरी, दांडा सरळ, वरची रेघ न हलता ओढलेली. माझ्या हातून कधी इतकं देखणं आलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. या बाईने माझ्या शाबासकीची कधी वाट पाहिली नाही, आणि मी ती कधी दिली नाही. आता वाट बघत होती. ओठ किंचित उघडे.

तिच्या मागे, रिकाम्या बाकांवरून, पाट्या वर झाल्याचा आवाज आला. रांगेमागून रांग. सगळ्यांनाच तपासून हवी होती.

मी फक्त तिच्याकडे पाहिलं. मास्तरांनी मला ऐकवले होते तेच शब्द काढले.

"सगळं चुकलं," मी म्हणाले. "तुला काही येत नाही आणि कधी येणारही नाही. पाटी तिथेच ठेव, घरी जा, आणि पुन्हा या खोलीत पाऊल टाकू नकोस."